शहर बर्फाखाली जाते तेव्हा मदतीला कोण येते?

२८ जानेवारी १९७७. अमेरिकेतील बफेलो शहरात तो शुक्रवार, म्हणजे कामाचा दिवस होता. सकाळी कचेऱ्या, कारखाने आणि दुकाने नेहमीप्रमाणे उघडली. दुपार होण्यापूर्वीच पश्चिमेकडून जणू वाऱ्याची एक भिंत शहरावर येऊन आदळली. वाऱ्याच्या झोतांचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्यांच्याबरोबर बर्फाचे इतके बारीक कण उडत होते की, रस्त्यापलीकडची इमारतही दिसेना. मोटारी होत्या तेथेच अडकल्या. हजारो माणसांना ती रात्र कचेरीतच काढावी लागली. हे वादळ सुमारे पाच दिवस चालले आणि त्यात २९ माणसे दगावली.

बर्फाचे ढीग किती उंच झाले असतील? शहराच्या प्राणिसंग्रहालयात तीन रेनडियर होते. वाऱ्याने बर्फ कुंपणाशी इतका रचला की, ते त्यावरून चालत कुंपणापलीकडे उतरले आणि शहरात फिरू लागले!

बफेलो हे काही बर्फाला नवखे शहर नव्हे. तेथे दर हिवाळ्यात भरपूर बर्फ पडतो. रस्ते साफ करण्यासाठी शहराजवळ यंत्रे असतात आणि ती चालवणारी तरबेज माणसेही असतात. तरीसुद्धा या वेळी शहराला बाहेरून माणसे बोलवावी लागली. असे का झाले? आणि बाहेरून माणसे बोलावणे हे नुसते निरोप धाडण्याइतके सोपे असते का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना थोडे हवामानशास्त्र आणि थोडे साधे अंकगणित आपल्या उपयोगी पडेल.

बर्फ आला कोठून?

गंमत अशी की, वादळाच्या त्या दिवसांत बफेलोत आकाशातून पडलेला नवा बर्फ जेमतेम ३० सेंटिमीटर होता. मग इतके ढीग कसे साचले?

बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसले आहे. हे सरोवर सुमारे ३९० किलोमीटर लांब आहे. पण त्याची सरासरी खोली १९ मीटरच आहे. अमेरिकेच्या पाच महासरोवरांत ते सर्वांत उथळ होय. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. थंड, कोरडा वारा त्यावरून वाहू लागला की, तो भरपूर बाष्प शोषून घेतो. ही दमट हवा वर चढते, तिचे ढग बनतात आणि पलीकडच्या काठावर, म्हणजे बफेलोच्या बाजूला, बर्फ पडतो. सरोवर गोठले की बाष्पाचा हा पुरवठा बहुतांशी थांबतो.

१९७६ साली ईरी सरोवर १४ डिसेंबरलाच गोठले. आता हिमवर्षाव कमी होईल असे कोणालाही वाटले असते. पण गोठलेले सरोवर म्हणजे हजारो चौरस किलोमीटरचे एक सपाट मैदानच की! त्यानंतर जो बर्फ पडला, तो या मैदानावर कोरड्या पिठासारखा पसरून राहिला. थंडी एवढी कडक होती की, तो वितळलाही नाही आणि घट्टही झाला नाही. २८ जानेवारीच्या वाऱ्याने हे सारे पीठ उचलले आणि बफेलोवर आणून ओतले.

हिमवादळ म्हणजे नुसता पुष्कळ बर्फ नव्हे, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्याही तशीच आहे. वाऱ्याचा वेग ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक हवा, उडत्या बर्फामुळे सुमारे ४०० मीटरपलीकडचे दिसू नये, आणि ही स्थिती निदान तीन तास टिकावी. व्याख्येत बर्फाच्या उंचीचा उल्लेखसुद्धा नाही!

बर्फाला वजन असते

नुकताच पडलेला बर्फ कापसासारखा हलका भासतो. एक घनमीटर ताज्या बर्फाचे वजन साधारण १०० किलोग्रॅम भरते. पण वाऱ्याने बर्फाचे नाजूक स्फटिक एकमेकांवर आपटून मोडतात, त्यांचे तुकडे घट्ट बसतात, आणि त्याच एका घनमीटरचे वजन ३०० ते ४०० किलोग्रॅमपर्यंत जाते.

आता एक हिशेब करू. एक किलोमीटर लांब आणि १० मीटर रुंद असा रस्ता घ्या. त्यावर वाऱ्याने रचलेला दोन मीटर उंचीचा बर्फ आहे. त्याचे घनफळ झाले २०,००० घनमीटर. घनमीटरला ३५० किलोग्रॅम धरले तर वजन होते ७,००० टन. एका ट्रकमधून एका खेपेला सात टन बर्फ नेला, तरी एक हजार खेपा झाल्या! आणि हा फक्त एक किलोमीटर रस्ता.

एरवी बर्फ पडला की, ट्रकच्या पुढे पोलादी फाळ बसवून तो रस्त्याच्या कडेला सारतात. अशा वाहनाला आपण हिमनांगर म्हणू. पण कडेलाच दोन मीटर ढीग असेल, तर सारणार कोठे? मग बर्फ उचलून ट्रकमध्ये भरणारी अवजड यंत्रे लागतात. नांगरापुढे अडकून पडलेल्या मोटारी ओढून काढणारी वाहने लागतात. घरांच्या दारांशी आणि आग विझवण्याच्या नळांशी यंत्र पोचत नाही. तेथे फावडी घेतलेली माणसे लागतात. शिवाय विजेच्या तारा जोडणारे, यंत्रे दुरुस्त करणारे, रुग्णवाहिका चालवणारे, दूरध्वनीवर मदतीचे निरोप घेणारे हवेतच. म्हणजे काम एकदम कितीतरी पटींनी वाढते.

काम वाढते, हात घटतात

काम वाढले तर तीच माणसे जास्त वेळ राबतील, असे तुम्ही म्हणाल. पण येथे एक मोठी अडचण आहे. शहराचे कामगार शहरातच राहतात. ज्या वादळाने रस्ते बंद केले, त्याच वादळाने या कामगारांची दारेही बंद केलेली असतात.

समजा, एका शहराजवळ १०० हिमनांगर आहेत. ते रात्रंदिवस चालायचे, तर बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांना २०० चालक हवेत. त्यांतले ८० जण घरी किंवा वाटेत अडकले. उरले १२०. नांगरांचे काम रोज १०० गुणिले २४, म्हणजे २,४०० तासांचे. ते १२० जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज वीस तास येतात. खाणे, झोपणे, घरच्यांची चौकशी करणे, सारे काही उरलेल्या चार तासांत!

हे किती धोक्याचे आहे, ते १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसून आले. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचा मेळ पाहिला, तेव्हा तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच बिघडलेला आढळला. अनेक देशांत एवढे मद्य घेऊन वाहन चालवणे हा गुन्हा आहे. मग दहा टनांचे यंत्र, निसरडा रस्ता, समोरचे दिसत नाही आणि चालक वीस तास जागा! म्हणून बाहेरून येणारा चालक नुसते काम करत नाही. त्याच्यामुळे शहराच्या चालकाला झोप मिळते. बाहेरच्या मदतीचा हा फायदा चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्यादा माणसे कायमची का ठेवू नयेत?

आता दुसरा प्रश्न. शहराने पहिल्यापासूनच जास्त माणसे नेमली तर?

दहा शहरे आहेत असे समजा. प्रत्येक शहराला मोठ्या वादळाच्या वेळी २०० ज्यादा माणसे लागतात. पण तशी वेळ वर्षातून दोनच दिवस येते. प्रत्येकाने आपापली २०० माणसे नेमली, तर एकूण २,००० माणसे ३६३ दिवस हात बांधून बसतील. त्याऐवजी संकटात सापडलेल्या शहराला बाकीच्या नऊ शहरांनी आपल्या रोजच्या कामगारांतून पंचवीस पंचवीस माणसे पाठवली, तर २२५ माणसे जमतात आणि कोणीही रिकामे बसत नाही.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. आपल्या खेड्यांत शेतकरी सावड करतात. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. एखाद्याची नांगरट मागे पडली, तर सारे आपापले नांगर आणि बैल घेऊन त्याच्या शेतात जमतात. यालाच इर्जिक म्हणतात. हिमनांगरांची देवाणघेवाण ही एक इर्जिकच होय.

काही वेळा ज्यादा माणसे शहरातच मिळतात. न्यू यॉर्कमध्ये कचरा गोळा करणाऱ्या ट्रकांनाच पुढे फाळ जोडतात आणि तेच सफाई कामगार बर्फ सारतात. शिवाय तेथे फावड्याने बर्फ काढणाऱ्या हंगामी मजुरांची नावनोंदणी आधीच करून ठेवतात. बर्फ पडला की त्यांना बोलावणे जाते. बसथांबे, रस्ता ओलांडण्याच्या जागा आणि आग विझवण्याचे नळ मोकळे करणे, ही त्यांची कामे.

मदत किती दूरून मागवावी?

दहा शहरांच्या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती: दहाही शहरांवर एकाच वेळी संकट येत नाही. हे खरे की खोटे, ते वादळाच्या रुंदीवर ठरते.

सरोवरामुळे पडणारा बर्फ अरुंद पट्ट्यांत पडतो. हे पट्टे कधी कधी वीस-तीस किलोमीटरच रुंद असतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडील वस्त्यांत दीड मीटरहून अधिक बर्फ पडला. त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही सेंटिमीटर होता! अशा वेळी शेजारच्या गावची माणसे तासाभरात मदतीला येऊ शकतात.

परंतु अटलांटिक किनाऱ्यावरून सरकणारी वादळे शेकडो किलोमीटर पसरलेली असतात. तेव्हा शेजारीही आपल्याइतकाच गाडलेला असतो. मदत वादळाच्या सावलीबाहेरून आणावी लागते. १९७७ साली बफेलोत राज्याच्या नॅशनल गार्ड दलाचे जवान आले. हे लोक एरवी आपापले व्यवसाय करतात आणि गरजेच्या वेळी त्यांना बोलावतात. त्यांच्याखेरीज नॉर्थ कॅरोलायना राज्यातील फोर्ट ब्रॅग येथून लष्कराचे सैनिक आले. हे ठिकाण बफेलोपासून साडेआठशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केल्यामुळे केंद्र सरकारची मदत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला होता.

मात्र अंतराबरोबर वेळही वाढतो. अवजड यंत्रे घेऊन ५०० किलोमीटर यायचे, तर ताशी ५० किलोमीटरने दहा तास गेले. आल्यावर चालकाला विश्रांती हवी. म्हणजे काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार. रस्ते बंद झाल्यावर तर येणेच अशक्य. तेव्हा मदतीचा निरोप बर्फ पडू लागल्यावर नव्हे, तर एक-दोन दिवस आधी गेला पाहिजे. हवामानाचा अंदाज येथे कामी येतो.

पाहुणे आणि वाटाडे

बरे, माणसे आली. पण ज्या शहरात रस्त्यांच्या पाट्याही बर्फाखाली गेल्या आहेत, तेथे परक्या माणसाने काय करावे? कोणती गल्ली पुढे बंद होते, कोठे रस्त्यात दुभाजक आहे, कोणत्या ढिगाखाली मोटार असू शकेल, कोणत्या घरात प्राणवायूवर असलेला रुग्ण आहे, हे त्याला कसे कळणार? म्हणून अनुभवी अधिकारी पाहुण्या चालकाशेजारी एक स्थानिक माणूस बसवतात. निदान नकाशा आणि ठरावीक मार्ग तरी देतात. कामाची वाटणीही कसबानुसार करतात. गुंतागुंतीच्या गल्ल्या घरच्या चालकांनी घ्यायच्या. सरळ, रुंद रस्ते पाहुण्यांना द्यायचे. ज्यांना यंत्र चालवता येत नाही, त्यांनी फावडे घ्यायचे.

कॅनडातील सेंट जॉन्स या शहरात १७ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडला. तेथील आणीबाणी आठ दिवस चालली. मदतीला आलेल्या सैनिकांनी वृद्ध आणि आजारी लोकांच्या दारांपुढचा बर्फ फावड्यांनी काढला. हे काम बाहेरून साधे दिसते; पण दार उघडले नाही, तर आजारी माणसाला रुग्णालयात नेणार कसे?

साधनांचीही जुळणी लागते. याचा कडू धडा अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला फेब्रुवारी १९०४ मध्ये मिळाला. तेथे आग लागली तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्क येथून बंब धावून आले. पण कित्येकांच्या नळ्यांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात! माणसे होती, पाणी होते, पण दोहोंची गाठ पडेना. त्या आगीत पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. संकट आगीचे असो वा बर्फाचे, नियम एकच. पाहुण्याचा बिनतारी संच आपल्या संचाशी बोलतो का, त्याच्या यंत्राला लागणारा सुटा भाग आपल्याकडे मिळतो का, त्याने झोपावे कोठे आणि जेवावे काय, हे सारे आधी पाहून ठेवावे लागते.

आधी करार, मग मदत

आणखी काही प्रश्न कागदावरचे वाटतात. परंतु ऐन वेळी तेच आडवे येतात. पाहुण्या कामगारांचा खर्च कोणी द्यायचा? कामगाराला दुखापत झाली तर भरपाई कोणाकडून? एका राज्याच्या परिचारिकेचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेल का?

अमेरिकेतील राज्यांनी यासाठी परस्पर साहाय्याचा एक करार केला आहे. १९९६ साली तेथील संसदेने त्याला मान्यता दिली, आणि आज सर्व ५० राज्ये त्यात सामील आहेत. मदत मागणाऱ्या राज्याने खर्च भरून द्यायचा, पाठवणाऱ्या राज्याने आपल्या जखमी माणसाची भरपाई करायची, आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्याने मानायचा, अशी त्याची मुख्य कलमे आहेत. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला एकूण २८० सेंटिमीटर बर्फ पडला, तेव्हा इतर राज्यांची माणसे आणि यंत्रे तेथे आली. साफ केलेल्या बर्फाचा एक डोंगर तर जुलैच्या मध्यापर्यंत वितळत होता!

बाहेरची मदत म्हणजे जादू नव्हे

एवढी तयारी असूनही मदत अपुरी पडू शकते. २३ डिसेंबर २०२२ रोजी बफेलोवर पुन्हा मोठे हिमवादळ आले. हवामान खात्याने अनेक दिवस आधी इशारा दिला होता. तरीही वाहनांवरची बंदी त्या दिवशी सकाळी साडेनऊला लागू झाली. तोवर कित्येक लोक कामावर पोचले होते. वादळ सुरू झाल्यावर बंब, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्या स्वतःच रुतल्या. सोडवायला गेलेल्यांनाच सोडवण्याची पाळी आली. समोरचे काही दिसत नसताना हिमनांगरही चालवता येत नाहीत. त्यामुळे बाहेरून माणसे आणली तरी पहिल्या तासांत ती फारसे काही करू शकत नाहीत. त्या वादळात बफेलो आणि परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. मरण पावलेल्यांत मोटारीत अडकलेले होते, रस्त्यावर गारठलेले होते, आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत राहिलेलेही होते.

यावरून काय ठरते? वादळ चालू असेतो माणसाला वाचवते ते त्याचे घर, त्याचा शेजारी आणि त्याने वेळीच ऐकलेली सूचना. वादळ ओसरताच खरी गरज पडते ती ताज्या, न थकलेल्या हातांची. ते हात तोपर्यंत जवळ येऊन थांबलेले असले पाहिजेत.

आपल्याकडे महाराष्ट्रात हिमवादळे होत नाहीत. पण पूर येतात, आणि पूरही काम वाढवतो व हात घटवतो. २०१९ साली सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांचीच घरे पाण्यात होती. म्हणून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि लष्कर यांच्या तुकड्या बाहेरून आल्या. २००६ साली उभ्या राहिलेल्या या राष्ट्रीय दलाची एक बटालियन पुण्याजवळ आहे.

करून पाहा

तुमच्या गावाचा नकाशा घ्या. गावातील नदी किंवा मोठा ओढा त्यावर ठळक करा. आता शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका, वीज मंडळाचे तारमार्ग कामगार आणि पाणीपुरवठ्याचे कर्मचारी यांपैकी किती जण पलीकडच्या काठावर राहतात, याची ढोबळ चौकशी करा. पूल दोन दिवस बंद राहिला, तर कोणत्या कामाला किती हात उरतील? वर दिलेल्या रीतीने प्रत्येकाच्या वाट्याला येणारे तास काढा. ते बारापेक्षा जास्त भरले, तर मदत कोणत्या गावाहून मागवावी, ती कोणत्या रस्त्याने येईल, आणि तो रस्ता पुराच्या वेळी उघडा असतो का, हे वर्गात शिक्षकांच्या मदतीने ठरवा. संकट येण्यापूर्वी केलेला असा एका पानाचा हिशेब ऐन वेळी फार मोलाचा ठरतो.